तुझा आवाज माझ्याकडे नाही, विनू

विनू,

तुझ्या लेकीने माझ्याकडे तुझा आवाज मागितला.

तेराव्याची शेवटची पंगत उठली होती. तुमच्या स्नेहलतागंजच्या गॅलरीत मी अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसलो होतो. सुपारी मी खात नाही, हे तुला माहीत आहे. पण हाताला काम असलं की माझं तोंड जरा गप्प राहतं, आणि त्या दिवशी ते गप्प राहावं अशी माझी फार इच्छा होती. नंदा पदर खोचून बाहेर आली आणि शेजारी जमिनीवरच बसली.

"काका, तुम्ही बाबांचा आवाज काढायचात ना?"

आत भांडी आवरण्याचा खणखणाट चालला होता, तो थांबला.

"कोण म्हणालं?"

"सगळं इंदूर म्हणतं. आईसुद्धा म्हणते, अगदी हुबेहूब काढायचे म्हणून. मी कधी ऐकला नाही. फोटो आहेत काका, पुष्कळ आहेत. लग्नातले आहेत, वर्दीतले आहेत. आवाज कुठेच नाही. परवा मी नागपूरला परत जाते. त्याच्या आधी एकदा काढा ना. मला तो नीट लक्षात ठेवायचाय."

मी म्हणजे कोण, विनू? लग्नात, मुंजीत, गाडी लेट असली तर फलाटावरसुद्धा, कोणी 'अच्युतराव, होऊन जाऊ द्या' म्हणायचा अवकाश, की सुरू होणारा माणूस. कलेक्टरचा खोकला, शाळेच्या हेडमास्तरांची शिंक, सासूबाईंची कवळी, कशालाच मी नाही म्हटलं नाही. तो मी, अडकित्ता स्वतःच्या पायावर पाडून घेतला आणि 'बघतो' एवढंच म्हणालो. आतून कुसुमवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. जुनी इंदूरच्या आगीनंतर आमच्या घरी हळदीकुंकवाला येऊनही त्यांनी माझ्याकडे असंच बघितलं होतं.

त्या रात्री घरी आलो तर झोप नाही, काल रात्रीही नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. आधी स्वतःला एक अट घालून घेतली. तुझं अडखळणं मी इथे लिहून दाखवणार नाही. एकाच अक्षरापुढे रेघांवर रेघा ओढल्या की वाचणाऱ्याला हसू येतं. ते हसू मी आयुष्यभर कमावलं, आता पुरे. इथे तू जे बोलशील ते सलग बोलशील. तू तसाच बोलत होतास, मधल्या थांबण्याची वाट बघायची तयारी ऐकणाऱ्याची नव्हती, इतकंच.

तुझी बोटं मात्र कधी अडली नाहीत. संस्थानं गेली, मध्य भारत आला, तोही गेला, नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूर बराच काळ नाराज राहिलं. या सगळ्या उलथापालथीत पोलिसांच्या वायरलेस रूममध्ये तू आपला आखूड-लांब ठोक्यांनी संदेश पाठवायच्या कळीपुढे बसून कड-कट्ट, कड-कट्ट करत होतास. पलीकडे ग्वाल्हेरचा ऑपरेटर असो की भोपाळचा, पहिल्या दोन शब्दांत त्याला कळायचं: ये तो विनायकराव का हाथ है. तुझ्या हाताला लय होती, तुझ्या हाताला थट्टासुद्धा येत होती. एकदा तू कळीवरून भोपाळच्या माणसाला विनोद सांगितलास, आणि तो तिकडे हसल्याचं तू मला इकडे त्याच्या कड-कट्टमधून दाखवलंस. मला ओ की ठो कळलं नाही. मला तुझी ती भाषा शिकायचीच नव्हती, कारण त्यात नक्कल करता येत नव्हती.

मी तेव्हा नगरपालिकेत, फायर ब्रिगेडच्या ऑफिसात कारकून. बंबाचे टायर, बंबाचं तेल, बंबाच्या ड्रायव्हरच्या रजा, सगळं मला पाठ. बंब आत्ता कुठे आहे, एवढंच कधी माहीत नसायचं. कारण आमचा सगळा कारभार टेलिफोनवर, आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या मर्जीवर. पोलिसांची कड-कट्ट वेगळी, महूच्या छावणीचा सेट वेगळा, आणि शेजारच्या गावच्या नगरपालिकेकडे तर सायकलवाला शिपाई हेच वायरलेस. एकाकडे आग लागली की दुसऱ्याला कळेपर्यंत राख व्हायची. सगळ्यांनी मिळून एकच बोलका वायरलेस घ्यावा, एकाच लहरीवर सगळे असावेत, बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, ही कल्पना तुझी. तू ती मला सांगितलीस तेव्हा आपण वायरलेस रूमच्या जिन्यात पोहे खात होतो.

मी म्हटलं, "विन्या, डोकं ठिकाणावर आहे का? बोलका वायरलेस म्हणजे बोलावं लागणार. तुला."

तू बशीतली शेवटची शेव बोटाने गोळा करत होतास. म्हणालास, "कळ वाजवणारे आम्ही चार-पाच जण. आग कोणालाही दिसू शकते."

"आणि तुझं काय?"

"माझं काय? मी बोलेन की. वेळ लागेल."

मी गप्प बसलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. म्हणालो, "तू निरोप देईपर्यंत आग आपली आपण विझेल." तू हसलास. तू हसायचास रे. तीच तर पंचाईत. तू हसलास की मला वाटायचं, परवाना मिळाला.

मग बैठका सुरू झाल्या. टिपण तू लिहायचास, वाचायचो मी. तुझं डोकं, माझी जीभ. पोलिसांचे साहेब, महूच्या छावणीचे लोक, शेजारच्या गावचे दुबेजी, आमचे साहेब, सगळे एका टेबलाभोवती, आणि मी उभा राहून तुझी वाक्यं म्हणतोय. मध्ये मी स्वतःचं काहीतरी घुसडायला लागलो की टेबलाखालून माझ्या मांडीवर तुझं बोट वाजायचं. एक टिचकी, एकदा बोट ओढलेलं, मग तीन टिचक्या. आखूड, लांब, आखूड, आखूड, आखूड. त्या तुमच्या भाषेतला एवढा एकच शब्द मला तू शिकवलास. अर्थ: थांब.

सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं आठवतं? तुझा नियम होता: हवेत, म्हणजे सेटवर बोलताना, रामराम नाही, घरचं कसं काय नाही, नावापुढे 'जी' नाही. ज्याला बोलवायचं त्याचं गाव, मग आपलं गाव, मग काम, मग संपलं. दुबेजी खुर्चीतून उठले. "अरे भिया, ऐसा कैसे? आदमी को आदमी समझोगे कि नहीं? मी रोज सकाळी सेट उघडणार आणि विनायकरावजींना नुसतं 'इंदूर' म्हणणार? हे तर तोंडावर दार आपटल्यासारखं झालं."

तू माझ्या कानात सांगितलंस आणि मी मोठ्याने म्हटलं, "दुबेजी, तुम्ही 'जी' म्हणताय तेवढा वेळ दुसरं कोणी बोलू शकत नाही. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांचा रस्ता बंद."

दुबेजी म्हणाले, "जी एवढं लांब नसतं."

त्यावर सगळे हसले आणि तुझा नियम मान्य झाला. कागदावर. हवेत दुबेजी शेवटपर्यंत 'इंदूरजी' म्हणत राहिले.

आणि एक गोष्ट त्या बैठकीत फक्त मला कळत होती. प्रत्येक हाक गावाच्या नावाने सुरू होणार, आणि आणीबाणीत तुला सगळ्यात जास्त हाका महूला माराव्या लागणार. तुझी जीभ सगळ्यात जास्त कुठे अडायची? 'म' वर. मी तुला बाहेर गाठून म्हटलं, "नियम तूच करतोयस ना? मग महूला छावणी म्हण, अमुक नंबर म्हण, काहीही म्हण. स्वतःची सोय बघ."

तू म्हणालास, "ऐकणाऱ्याला जे सोपं, ते ठेवायचं."

किती सहज म्हणालास. पानाच्या ठेल्यावर उभं राहून, चुना बोटाला पुसत.

सेट आले, एरियल उभे राहिले, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा असा रंगमंच मिळाला जिथे तिकीट न काढता तीन गावं ऐकत होती. दुपारी हवा शांत असायची. आगी बहुतेक संध्याकाळी चुली पेटल्यावर लागतात. मग दुबेजींचा आवाज यायचा, "अच्युतजी, बोर हो रहे हैं भिया, कुछ सुनाओ." मी बटण दाबायचो. आधी आमच्या साहेबांचा खोकला. मग महूच्या मेजरसाहेबांचं इंग्रजी वळणाचं हिंदी. आणि शेवटी, जोरदार काहीतरी हवं म्हणून, तू. तू महूला हाक मारतोयस आणि हाक निघत नाही. खरखरीतून तिन्ही गावांचं हसू यायचं. विनू, मी मोठ्ठा झालो होतो.

तू पोलिसांच्या कंट्रोलवर बसून हे सगळं ऐकत होतास. तू कधी तक्रार केली नाहीस, वरती कळवलं नाहीस. माझं संपलं की सेटवर नुसती खरखर तुटल्यासारखी व्हायची. तू बटण दाबून-सोडून वाजवत होतास. आखूड, लांब, आखूड, आखूड, आखूड. दुबेजी म्हणायचे, "आपकी बॅटरी उतर रही है." बॅटरी नव्हे ते, हे तिन्ही गावांत मला एकट्याला कळत होतं. आणि मी थांबलो नाही.

एवढंच असतं तर आज मी नंदाला तो आवाज काढून दाखवला असता, रडलो असतो, मोकळा झालो असतो. पण मग तो दिवस आला.

जुनी इंदूरकडे लाकडाच्या वखारीला आग लागली. आमचा एक बंब आधीच दुसरीकडे गेलेला, दुसरा पुढे झाला, पण वारा असा होता की एकाने भागणार नव्हतं. तुझ्याकडे पोलीस चौकीवरून खबर आली. महूचा बंब हवा, शेजारच्या गावचाही हवा. तू बटण दाबलंस आणि महूला हाक मारायला लागलास.

मी माझ्या टेबलाशी होतो, आमचा बंब कुठे आणि कशासाठी गेला हे नेहमीसारखं मला माहीत नव्हतं. सेटवर तो आवाज आला. तो अडला. परत आला, परत अडला. दुबेजी तिकडून खदखदून हसले, "वाह अच्युतजी! आज तो दोपहर से पहले ही!"

पण मी तर काही बोललोच नव्हतो. मग मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, कोणीतरी माझी नक्कल चोरली. पोलिसांतलाच कोणी पोरगेला शिपाई माझं बघून शिकला आणि आता माझ्याच श्रोत्यांपुढे मला शह देतोय. मी कान देऊन ऐकलं. आणि विनू, मला तो आवाज कच्चा वाटला. थांबणं नको तिथे होतं. श्वास भलतीकडेच घेतला जात होता, आवाज वरच्या पट्टीत गेला होता. मी स्वतःशी म्हणालो, हा विनू नव्हे, हे काही जमलेलं नाही.

खरा तू मला तुझी वाईट नक्कल वाटलास.

मग मी बटण दाबलं आणि दुरुस्त करून दाखवलं. सावकाश, रंगवून, ठाय लयीत. तू धापा टाकत महूला हाका मारत होतास आणि रस्ता मी अडवून धरला होता. किती वेळ ते मी मोजलं नाही, आणि ज्यांनी मोजलं ते मला सांगत नाहीत. शेवटी दाद ऐकायला बटण सोडलं.

दाद आली नाही. खरखर तुटत होती. आखूड, लांब, आखूड, लांब, लांब. थांब नव्हे, दुसरंच काही, भराभर, न अडखळता. तू बोलणं सोडून बटणाचीच कळ केली होतीस. आणि महूला सेटवर बसलेले ते निवृत्त सुभेदार, ज्यांना आम्ही 'बहिरे' म्हणायचो कारण ते आमच्या विनोदांना कधी हसले नव्हते, ते एकदम बोलले, "ये विनायकराव का हाथ है. सब चुप. बंब निकल रहा है."

पुढचं मी रंगवणार नाही. माणसं वाचली. वखार गेली, आणि वखारीमागे मजुरांच्या झोपड्या होत्या त्या गेल्या. संध्याकाळी मी तिथे गेलो तर एक बाई ओल्या राखेत काठीने काहीतरी शोधत होती. तिला तिची परात सापडली. वाकडी झाली होती. तिने ती पदराने पुसली आणि उलटी करून परत खाली ठेवली, जणू उद्या घासायचीच आहे. तू तिच्यापासून थोड्या अंतरावर उभा होतास. मी आल्याचं तुला कळलं, तू वळून बघितलं नाहीस.

मग चौकशी बसली. लोक समजतात मी तिथे काही लपवलं. नाही. मी सगळं सांगितलं. माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी लाज हीच आहे की मी सगळं सांगितलं. उभा राहिलो, खाकरलो, आणि सुरुवात केली, "साहेब, ऐसा है कि मला वाटलं माझीच चोरी होतेय..." माझा मत्सर, माझी दुरुस्ती, दाद ऐकायला सोडलेलं बटण, सगळं क्रमाने, हातवारे करून. दुबेजींचा आवाज काढला, सुभेदारांचा काढला. तुझासुद्धा काढला, विनू. तुझ्यासमोर. साहेब लोक आधी ओठ दाबून बसले होते. मग एकाला ठसका लागला. मग सगळेच गेले. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "आदमी दिल का साफ है." मी गुन्हा कबूल केला आणि मला चहा मिळाला. वर तोंडी समज. आणि तुला? माइकवर स्पष्ट उच्चाराचा माणूस असावा, अशी शिफारस झाली. तुला बॅटऱ्या आणि दुरुस्तीच्या खोलीत बसवलं. ज्या वायरलेससाठी तू धडपडलास, त्यावर तुला परत कोणी बोलू दिलं नाही.

बाहेर जिन्यात आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही.

मी म्हटलं, "खरं तेच सांगितलं ना मी? एक अक्षर लपवलं?"

तू म्हणालास, "खरं सांगितलंस. पण कबूल करतानासुद्धा टाळ्या घेतल्यास. एकदा लोक हसले की त्या खऱ्याचं पुढे कोणी काही करत नाही, अच्या."

"मग काय रडायला हवं होतं?"

"नाही. साधं सांगायला हवं होतं."

'अच्या' म्हणताना तू कधीच अडला नाहीस. माझं नाव तुझ्या तोंडून नेहमी सरळ आलं. हे माझ्या आज लिहिताना लक्षात येतंय.

त्या दिवसापासून तुझी नक्कल मी कुठेही केली नाही. लोक म्हणायचे अच्युतरावांना उपरती झाली. पण ते भांडण मी वर्षानुवर्षं चालू ठेवलं. संध्याकाळी फिरायला जाताना, बुद्धिबळाच्या पटावर, तुझ्या नंदाच्या लग्नाच्या मांडवात पत्रावळी मोजताना. माझं म्हणणं असायचं, माणूस हसत हसत कबूल करतो म्हणून ते खोटं होत नाही. तू ऐकून घ्यायचास आणि प्यादं पुढे सरकवायचास. या सगळ्या वर्षांत 'विनू, चुकलो' हे दोन शब्द मी तुला एकदासुद्धा नुसते म्हटले नाहीत. त्यांच्या पुढेमागे कायम एक किस्सा असायचा. तू दोस्ती का तोडली नाहीस, हे मला कळत नाही. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायची बंदी केली, तेव्हा रोज संध्याकाळी खाटेशी येऊन बसायचास ते कोणासाठी? मला बोलता येत नव्हतं, म्हणून तू बोलायचास. तासन् तास. सावकाश, अडत, पण पूर्ण. आणि मी पाटीवर चुरचुरीत उत्तरं लिहून तुला दाखवत बसायचो. तू काय सांगत होतास, विनू? काल रात्री मी डोकं धरून आठवायचा प्रयत्न केला. मला माझ्या पाटीवरचे विनोद आठवले.

आणि शेवटच्या आठवड्यातली ती संध्याकाळ. नदीच्या पुलावर आपण उभे होतो. तू म्हणालास, "अच्या, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "थांब, आधी माझं ऐक, काल बँकेत काय गंमत झाली," आणि सुरू झालो. तू पुलाच्या कठड्यावर बोट वाजवलंस. आखूड, लांब, तीन आखूड. मी ऐकलं. मला तो एकच शब्द येतो, आणि तो मी ऐकला. पण गोष्ट अशा ठिकाणी आली होती की सोडवेना. ती संपली तेव्हा दिवे लागले होते आणि तू म्हणालास, "चल, वहिनी वाट बघत असतील." आता ते काय होतं हे मी कुठल्या लहरीवर विचारू?

काल सकाळी न्हाणीघराची कडी लावून मी तुझा आवाज काढून बघितला. बादली भरत ठेवली, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. तरी आमच्या हिने दार वाजवलंच. "कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, गुळण्या करतोय. महूची हाक लगेच आली. इतक्या वर्षांनी, जशीच्या तशी. अडली, परत आली, परत अडली. मग मी म्हटलं, हे नको, नंदाला हे काय द्यायचं, काहीतरी घरचं काढू. तू तिला रोज काय म्हणत असशील? 'नंदे, जेवलीस का?' एवढं साधं वाक्य. ते काढायला गेलो. निघेना. पट्टी कुठली, 'नंदे' वर जोर असायचा की नाही, 'का' ओढायचास की तोडायचास, काही म्हणजे काही माझ्याकडे नव्हतं. बादली भरून वाहायला लागली आणि मी तिथे आपला उभा.

तरी संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. न जाण्याचंही धैर्य नव्हतं. नंदा बॅगा भरत होती. तिने सगळं बाजूला सारलं, आईला हाक मारली, आणि दोघी माझ्यासमोर बसल्या. एवढे मन लावून ऐकणारे श्रोते मला आयुष्यात मिळाले नव्हते.

"काका, घाई नाही," नंदा म्हणाली.

मी काढला. जो येत होता तोच. महूची हाक. लहानच काढली, अर्धी, हळू. संपल्यावर मान वर करायची हिंमत होईना.

नंदा जरा पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, जणू मला लागू नये म्हणून, "हे बाबा नाहीत, काका."

मी कुसुमवहिनींकडे बघितलं.

त्या म्हणाल्या, "तिला कुठून माहीत असणार? तिच्याशी बोलताना ते कधी अडलेच नाहीत. अगदी लहानपणापासून. रोज रात्री तास तास गोष्टी सांगायचे तिला, एक अक्षर अडायचं नाही. मी पलीकडच्या खोलीतून ऐकायची." मग म्हणाल्या, "तुम्ही कधी तो आवाज ऐकलाच नसेल, भावजी."

यात राग नव्हता, विनू. राग असता तर मी काहीतरी मजेशीर बोलून निभावून नेलं असतं. जी नक्कल मी हुबेहूब म्हणून मिरवली, ती फक्त तुझ्या थांबण्याची होती. त्या थांबण्यानंतर तू जे बोलायचास ते माझ्या कानात कधी शिरलंच नव्हतं. चाळीसेक वर्षांची दोस्ती, आणि माझ्याकडे तुझी फक्त मोकळी जागा.

नंदाचे डोळे भरले होते, पण ती माझीच समजूत घालत होती. "असू दे काका. तुम्ही आलात ना." मला तिच्यासाठी काहीतरी द्यायचं होतं आणि खिशात काहीच नव्हतं. तोंडाशी एक गोष्ट आली, चांगली गोष्ट होती, तुझीच, ती हसली असती. मी तोंड उघडलं. आणि माझंच बोट, मी न सांगता, पाटाच्या कडेवर वाजलं. टिचकी. बोट ओढलेलं. मग तीन टिचक्या.

नंदा एकदम ताठ बसली. "परत वाजवा."

मी परत वाजवलं.

"हे बाबांचं आहे," ती म्हणाली. "मी रात्री गोष्ट अजून अजून करत हट्ट करायची, तेव्हा असं कपाळावर वाजवायचे. मग मी झोपायची." तिने स्वतःचं बोट पाटावर ठेवलं आणि वाजवून बघितलं. शेवटची टिचकी जरा लांबली. मी तिचा हात धरून बरोबर करून दिला. यावेळची दुरुस्ती चुकली नाही असं मला वाटतं. "काका, याचा अर्थ काय होतो?"

मी सांगितला. आणि त्याला जोडून एक शब्दही बोललो नाही.

आज सकाळी ती गेली. गाडीच्या खिडकीत बसल्यावर तिने गजावर वाजवून दाखवलं. अगदी तुझा हात. वहिनी शेजारी उभ्या होत्या. गाडी हलली आणि आम्ही दोघं फलाटावर तसेच उभे राहिलो, आणि विश्वास ठेव, मी त्यांना काहीही सांगितलं नाही.

विनू, चुकलो.

या वाक्यामागून एक किस्सा यायला लागला आहे. मला तो दिसतोय, तुझं बोटही दिसतंय.

थांबतो.